सिडकोतलं अण्णांचं दुकान: वह्या, झेरॉक्स आणि 'कशाला हवंय?'

पाचातले साडेचार तारे. अर्धा कापलाय तो झेरॉक्स मशीनसाठी, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुकानाचं नाव मला सांगता येणार नाही. पाटीवरचं नाव उन्हाने उडालंय आणि खालचं 'स्टेशनरी, झेरॉक्स, कटलरी' एवढंच शिल्लक आहे. नाशिकला सिडकोत, त्रिमूर्ती चौकातून पवननगरकडे निघालात की आतल्या गल्लीत शिरा आणि शाळेच्या गणवेशातल्या कुठल्याही पोराला 'अण्णांचं दुकान' विचारा. मोठ्या माणसांना विचारू नका, ती तुम्हाला मेन रोडला पाठवतील.

आधी माझी ओळख, म्हणजे परीक्षण कोण करतोय ते कळेल. मी एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची कामं करतो. महिन्याच्या ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, आणि मधल्या दिवसांत पार्ट्यांना फोन करून बिलं मागणं. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सकाळी साडेसहाला घर सोडते. त्यामुळे सकाळचे डबे, दप्तर, वह्या आणि प्रोजेक्ट ही खाती माझ्याकडे. मुलगी चौथीत, मुलगा सातवीत, दोघंही मराठी माध्यमात. 'उद्या चार्ट न्यायचाय' ही बातमी आमच्या घरात नेमकी १९ तारखेच्या रात्री फुटते.

दुकान असेल दहा बाय बाराचं. समोर काचेचं काउंटर, त्यात कंपास पेट्या, खोडरबर आणि का कोण जाणे, केसांच्या पिना. मागे छतापर्यंत वह्यांचे गठ्ठे: दुरेघी, चारेघी, चौकटीची, एकरेघी, शंभर पानी, दोनशे पानी. डाव्या हाताला दोरीवर महाराष्ट्राचे नकाशे लटकवलेत, राजकीय वेगळे, प्राकृतिक वेगळे. घोटीव कागद, क्रेप, पताकांचा कागद, कार्डशीट यांच्या गुंडाळ्या एका जुन्या पिंपात उभ्या. पायरीजवळ रद्दीचा काटा. अण्णा सत्तरीच्या आसपासचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात चार पेनं आणि त्यातलं चालणारं एकच. सोबत काकू असतात. दोघांत वस्तू पटकन सापडते ती काकूंना. पण दुकानाला नाव आहे ते अण्णांचं, आणि त्याला कारण त्यांचा एक प्रश्न.

काहीही मागा, अण्णा आधी विचारतात, "कशाला हवंय?"

पहिल्यांदा मला राग आला होता. पैसे मी देणार, वही मी नेणार, तुम्हाला काय करायचंय? पण जूनमध्ये शाळा उघडतात त्या आठवड्यात तिथे रांगेत उभं राहून बघा. माझ्या पुढे एक बाई होत्या, हातात यादी, बारा वह्या दोनशे पानी. अण्णांनी यादी बघितलीच नाही. "कोणती शाळा? इयत्ता? वर्गशिक्षिका कोण?" बाईंनी सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्या मॅडम दुसऱ्या सत्रात नवीन वही घालायला लावतात. शंभर पानी न्या. इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच वहीत, मागून पुढून. नऊ पुरतील." म्हणजे बारा मोठ्या वह्यांच्या जागी नऊ लहान. गिऱ्हाइकाचं बिल निम्म्याहून कमी करणारा दुकानदार माझ्या धंद्यात मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडे येणारे व्यापारी विक्री कमी दाखवतात जरूर, पण ती कागदावर.

त्यांच्याकडे आसपासच्या शाळांची बित्तंबातमी असते. कोणत्या शाळेला खाकी कव्हर चालतं, कुठे प्लास्टिकचंच लागतं, कुठल्या सरांना हिरवी शाई खपत नाही, कुठल्या बाई समासाची लाल रेघ हाताने मारायला लावतात. हे सगळं त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पोरं येतात, बोलतात, आणि ते त्यांच्या डोक्यात जमा होतं.

उलट माझ्या मेहुणीकडचं बघा. तिच्या मुलाच्या शाळेत, नाव नको, एप्रिलमध्येच सांगतात की वह्या आमच्या ठरलेल्या ठिकाणाहूनच घ्यायच्या, प्रत्येक वहीवर शाळेचं चिन्ह हवं. पूर्ण संच बांधलेला, सोडून मिळत नाही. त्यातल्या चार वह्या वर्षाच्या शेवटी कोऱ्या निघतात, आणि पुढच्या वर्षी त्या चालत नाहीत, कारण कव्हरचा रंग बदललेला असतो. अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळांनी करायची नाही, हा शासनाचा नियम आहे. मेहुणीला तो माहीत आहे, शाळेलाही आहे. पण पोराला त्याच वर्गात बसायचं असतं, त्यामुळे ती नियम घरी वाचते आणि पैसे शाळेत भरते.

आता माझा विषय, कर. २०२५ च्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. टीव्हीवर गाड्या आणि एसी दाखवत होते, पण आईबापांच्या कामाचा भाग वेगळाच होता. वह्या, आलेखवह्या, प्रयोगवह्या १२ टक्क्यांवरून शून्यावर. पेन्सिली, शार्पनर, क्रेयॉन, नकाशे, पृथ्वीगोल हेही १२ वरून शून्य. खोडरबर ५ वरून शून्य. कंपास पेटी आणि रंगपेटी १२ वरून ५. पेनाला मात्र कुणी हात लावला नाही, ते २०२१ पासून १८ वर आहे ते तिथेच. म्हणजे चौथीतली माझी मुलगी पेन्सिलीने लिहिते तोवर करमुक्त, आणि सातवीतला मुलगा अक्षरागणिक १८ टक्के. हा विनोद मी ऑफिसात केला, कुणी हसलं नाही. घरी केला तर मुलगा म्हणाला, मग मी पण पेन्सिलीने लिहितो, आणि खरंच दोन दिवस लिहिलं, बाईंनी ओरडेपर्यंत.

अण्णांची उलाढाल ४० लाखांच्या आत, त्यामुळे जीएसटीची नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही नाही. जून ते ऑगस्टमध्ये भरून ठेवलेल्या वह्यांवर होलसेलवाल्याला त्यांनी १२ टक्के दिलेले होतेच, ते कुणी परत देणार नव्हतं. अशा वेळी दुकानदार काय करतात ते मला पोटापाण्यामुळे ठाऊक आहे. छापील किंमत दाखवायची, विषय संपला. अण्णांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: 'जुना माल जुना भाव. नवा माल नवा भाव. दोन्ही आहेत, बघून घ्या.' साठची वही नव्या गठ्ठ्यात चोपन्नला. बघून घ्या म्हटल्यावर जुनी कोण घेणार? दिवाळीची सुट्टी संपल्यावर पुठ्ठा गेला आणि सगळ्याच वह्या चोपन्नला झाल्या. मी म्हटलं, "अण्णा, किती गेले ते काढून देऊ का?" ते म्हणाले, "नको भाऊ. तुम्ही हिशोब काढलात की माझी झोप जाईल."

या दुकानात बातम्या टीव्हीपेक्षा वेगळ्या येतात. इथे त्या मालाच्या रूपाने येतात. २०२५ च्या १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा एका विक्रेत्याने अण्णांच्या गळ्यात हिंदी सुलेखनाचा गठ्ठा मारला. जूनमध्ये निर्णय सुधारला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. समितीचं काय व्हायचं ते होईल, गठ्ठा काउंटरखाली आहे. लहान पोरं रडायला लागली की काकू त्यातली एक वही आणि तुटका खडू देऊन पायरीवर बसवतात.

मग ऑक्टोबरमध्ये शिष्यवृत्तीचं आलं. आम्ही लहान असताना ही परीक्षा चौथी आणि सातवीला असायची. मधे ती पाचवी आणि आठवीला नेली. जिल्हा परिषदेच्या बऱ्याचशा शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे तिथल्या मास्तरांनी घासून तयार केलेली पोरं परीक्षेच्या वर्षी दुसऱ्याच शाळेत गेलेली असायची. आता शासनाने परीक्षा परत चौथी-सातवीला आणायची ठरवली, आणि २०२५-२६ हे बदलाचं वर्ष म्हणून चारही इयत्तांची ठेवली: पाचवी-आठवीची फेब्रुवारीत, चौथी-सातवीची उन्हाळ्यात. आमच्या घरात एक चौथीत, एक सातवीत. नेम धरून मारल्यासारखं झालं.

तो निर्णय आला त्या आठवड्यात गल्लीतला प्रत्येक बाप अण्णांकडे मार्गदर्शक मागत होता. मीही गेलो, दोन्ही मुलांचे सगळे विषय, म्हटलं चार-पाच पुस्तकं तरी लागतील. "कशाला हवंय?" अण्णांनी विचारलं. आता याला काय उत्तर देणार? "परीक्षेला," मी म्हटलं. "परीक्षा पोरांची की तुमची?" मागे रांगेतले हसले. मग त्यांनी नीट समजावलं. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ दीड तास. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. "मराठी-गणित शाळेच्या पुस्तकातून होतं. बुद्धिमत्तेचं एक पुस्तक न्या, जुन्या प्रश्नपत्रिका मी झेरॉक्स करून देतो, आणि घड्याळ लावून सोडवायला बसवा." दोन्ही मुलांचं मिळून तीनशेच्या आत भागलं. त्या संध्याकाळी बाकीच्या बापांनी किती घेतलं ते मला माहीत नाही, पण आमच्या मजल्यावरच्या एकाने ऑनलाइन क्लास लावलाय आणि त्याचा मुलगा आमच्याकडे येऊन त्याच झेरॉक्स सोडवतो.

मुलीचं म्हणाल तर तिला बुद्धिमत्तेतली कोडी आवडतात आणि वेळ लावलेलं आवडत नाही. घड्याळ उलटं ठेवून सोडवते. मुलाला दोन्ही आवडत नाही.

या दुकानाचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो डिसेंबरमध्ये, परिसर अभ्यासाच्या प्रोजेक्टला. मुलीला 'आपल्या परिसरातील दहा झाडे' असा विषय होता. अशा वेळी दुकानात मिळतो तो दहा रुपयांचा चित्रांचा कागद: एका बाजूला झाडं, मागे माहिती, कापा आणि चिकटवा. वर्गातल्या चाळीस पोरांच्या चाळीस वह्यांत तोच वड, तीच माहिती, त्यात तीच शुद्धलेखनाची चूक. मी तोच मागायला गेलो. अण्णांकडे तो असतो, पिंपामागे लटकलेला मला दिसत होता. त्यांनी दिला नाही. मुलीलाच विचारलं, "तुझ्या घराजवळ कोणती झाडं आहेत?" ती म्हणाली, "आमच्या सोसायटीत अशोक आहे आणि एक नाव माहीत नसलेलं." मग त्यांनी एक कोरी चित्रकला वही दिली आणि रद्दीतले पेपर, फुकट. पान खुडू नकोस, पडलेलं घे, पेपरात घाल, वर जड काहीतरी ठेव, आणि पेपर रोज बदल, नाहीतर पान काळं पडतं. हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या लहानपणी आम्ही पाठ्यपुस्तकात ठेवायचो, म्हणून ती काळी पडायची.

त्या वेळी शहरात एकच विषय होता, गोदाकाठचं तपोवन. कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, त्यासाठी साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम उभारायचं, आणि त्यासाठी तपोवनातली सतराशेच्या वर झाडं तोडायचा महापालिकेचा प्रस्ताव. लोक झाडांना मिठ्या मारत होते, अभिनेते सयाजी शिंदे येऊन गेले, प्रकरण हरित लवाद आणि न्यायालयापर्यंत गेलं, आणि दुसऱ्या बाजूने राजमुंद्रीहून मोठी रोपं आणून लावायचं काम निघालं. रविवारी आम्ही चौघं तपोवनात गेलो. म्हटलं, पानंही मिळतील आणि पोरांना काय चाललंय ते दाखवताही येईल. गाडीवर बसल्यापासून मी मनातल्या मनात भाषण तयार करत होतो: दोन्ही बाजू सांगायच्या, साधूंना जागा लागतेच, गर्दीची व्यवस्था लागतेच, पण झाड वाढायला किती वर्षं जातात, वगैरे.

मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, चिंचेचं पान चिकटवायचं कसं? ते तर सुट्टं होतं." पुढचा अर्धा तास आम्ही चौघं चिंचेच्या पानाच्या मागे. मुलगा, जो एरवी अशा ठिकाणी मोबाइल मागतो, तो झाडांच्या बुंध्यांचा घेर वितीने मोजत हिंडला आणि एका जागी येऊन म्हणाला, "हे मला कवेत बसत नाही." बायकोने त्याला विचारलं, मग याचं वय काढता येईल का, आणि दोघं त्यावरच अडकले. भाषण राहिलंच. कडुलिंब, चिंच, वड, पिंपळ, जांभूळ मिळाले. बाकीचे पाच सिडकोत परत येऊन.

पेपर बदलायचं काम रात्री माझ्याकडे आलं. रद्दीतले ते पेपर त्याच महिन्यातले, त्यामुळे पानं उलटताना तपोवनाच्याच बातम्या. मुलगी तिथेच बसून मथळे वाचायची आणि विचारायची. 'लवाद' म्हणजे काय, 'पुनर्रोपण' म्हणजे काय, आणि दुसरीकडे लावलेलं झाड मोजताना नवीन धरायचं की जुनंच. शेवटचा प्रश्न माझ्या धंद्यातला, तरी मला उत्तर आलं नाही. तिने वहीत दहाव्या झाडाखाली लिहिलं, 'हे झाड आमच्या गेटजवळ आहे. याचं नाव वॉचमनकाकांना पण माहीत नाही.' बाईंनी त्याखाली 'सप्तपर्णी' असं लिहून बरोबरची खूण केली. गुण मिळाले दहापैकी आठ. चित्रांचा कागद चिकटवणाऱ्यांनाही आठच मिळाले, हेही नोंदवून ठेवतो.

जानेवारीत महापालिकेची निवडणूक. १५ तारखेला मतदान, शाळांना सुट्टी. काउंटरवर वह्यांपेक्षा याद्यांच्या झेरॉक्स जास्त, कार्यकर्ते दारात, पोरं ताटकळत. मतदानाला शाईच्या बाटलीऐवजी मार्कर पेन वापरलं आणि ते पुसलं जातं म्हणून राज्यभर आरडाओरडा झाला. आमच्या घरी संध्याकाळी माझ्या बोटावर नेलपॉलिश रिमूव्हरचा प्रयोग झाला. निकाल सांगत नाही, आचारसंहिता वगैरे. दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात म्हणाला, "अण्णा, न पुसणारा मार्कर द्या." अण्णांनी ठरलेला प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, "पाण्याच्या बाटलीवर नाव घालायला." अण्णा म्हणाले, "मग चिकटपट्टीवर लिही. मार्कर चाळीसचा, चिकटपट्टी घरात असेल."

हे वाचून वाटेल की बाबा, दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप असताना दुकानात जायचंच कशाला. ती आम्हीही वापरतो, खोटं कशाला बोलू. रात्री साडेनऊला ग्लू स्टिक मागवलीय, आलीय. एकदा चार्ट पेपर मागवला तर तो चार घड्या घालून पिशवीत आला. आणणाऱ्या मुलाचा दोष नाही, एवढा मोठा कागद स्कूटरवर सरळ धरणार कसा? वर्षाच्या अखेरीला या ॲपचा माल पोचवणाऱ्या पोरांनी संप केला, नंतर जानेवारीत सरकारने सांगितल्यावर कंपन्यांनी दहा मिनिटांची जाहिरात आवरती घेतली. मुलाने विचारलं, मग आता किती मिनिटं? मी म्हटलं, अण्णांकडे चालत जायला सात लागतात. ॲपवर एक अडचण कायम आहे, ती म्हणजे काहीही मागितलं तरी देते. वर आणखी सहा गोष्टी दाखवते. अण्णांचं दुकान हे मी पाहिलेलं एकमेव ठिकाण आहे जिथून मुलगी रिकाम्या हाताने आणि तरी न रुसता परत येते, कारण नाही म्हणणारा बाप नसतो, अण्णा असतात.

रद्दीच्या काट्याचाही एक उपयोग आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं, हा नियम. कोणी मूल वाकून चाललेलं दिसलं की अण्णा दप्तर काट्यावर घेतात. माझ्या मुलाचं भरलं पाच किलोच्या वर, मुलगा चौतीस किलोचा. उपसलं तर आत एका प्रवासवर्णनाची वाचनालयाची प्रत, दोन लिटरची बाटली, क्रिकेटचा बॉल आणि गेल्या सत्राचं पूर्ण विज्ञान. अण्णांनी बाटली बाजूला काढून म्हटलं, "शाळेत नळ आहे ना?" आता एक लिटरची नेतो. बॉल अजून जातोच.

आता उणं. झेरॉक्स मशीन म्हातारं आहे आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एक राखाडी पट्टा सोडतं. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेच्या आकृत्यांमध्ये तो पट्टा आला की मुलीला तोही आकृतीचा भाग वाटतो, आणि तिने एकदा त्याचं प्रतिबिंबही काढलं होतं. मशीन बदला म्हणून मी बोललोय. रंगीत प्रिंटसाठी इथे येऊच नका, भारतमाता हिरवी येते. दुपारी दीड ते साडेचार बंद, आणि नेमकी सकाळच्या शाळेची पोरं त्याच वेळी सुटतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अर्धा-पाऊण तास मोडतो, कारण अण्णा प्रत्येकाची चौकशी करणार. ज्याला फक्त एक पेन हवंय त्याने काउंटरच्या डाव्या टोकाला जावं, तिथे काकू काही विचारत नाहीत. गाडी लावायला जागा नाही. चांगल्या प्रतीचे जलरंग, ब्रश ठेवत नाहीत, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी मेन रोडच गाठावा. सजावटीचं थर्माकोल मिळणार नाही, २०१८ पासून राज्यात बंदी आहे आणि अण्णा ती पाळतात. काही शिक्षक अजूनही मुलांना किल्ल्यासाठी थर्माकोलच सांगतात, त्यांना अण्णा पुठ्ठा आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा सुचवतात. लगद्याने आमचा ओटा आठवडाभर बरबटला होता, तेव्हा हे गुणांत धरायचं की दोषांत, तुम्ही ठरवा.

भाव सांगतो: झेरॉक्स पाठपोट चार रुपये, चार्ट पेपर दहा, कार्डशीट पंधरा, खाकी कव्हरचा रोल घेतला तर घालून देत नाहीत, सुटं घेतलं तर काकू घालून देतात. ऑनलाइन पैसे चालतात, पण दहाच्या आतलं सुट्टं द्या. उधारी फक्त मुलांना मिळते, आईबापांना नाही. पोरगं परीक्षेला जाताना पॅड विसरलं तर पॅड मिळतं, संध्याकाळी परत आणून द्यायचं.

रविवारी फक्त सकाळी उघडं असतं. जाताना वर्गाच्या ग्रुपवरचा बाईंचा मेसेज मोबाइलवर उघडून ठेवा. अण्णा तो आधी स्वतः वाचतात, चष्मा वर करून दोनदा, आणि मगच काउंटरखाली वाकतात.